पान, भिंत आणि सोंग : नाशिकच्या उजेडातले छायाचित्रण

सावलीकार

नाशिकमध्ये हौसेने कॅमेरा वापरणाऱ्यांची चित्रे पाहिली, तर त्यांचे सहज तीन ढीग पडतात. एका ढिगात पाने, शेवाळ आणि पावसाळ्यातली रानफुले असतात. दुसऱ्यात जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या भिंती, गंजलेले कडीकोयंडे आणि रंग उडालेली दारे असतात. तिसऱ्यात मनात काही कल्पना धरून, वेशभूषा करून, मुद्दाम रचलेली माणसांची चित्रे असतात. ही चित्रे काढणारी माणसेही बहुधा वेगवेगळी असतात. फुलांवाल्यांना तिसऱ्या ढिगातले काम नाटकी वाटते, तर तिसऱ्या ढिगाला फुलांचे काम म्हणजे निव्वळ नोंदवही वाटते. माझे म्हणणे असे आहे की हे तिन्ही मूलतः एकच काम आहे, कारण पानाची शीर, पोपडे आलेला चुना आणि म्हाताऱ्या माणसाचा गाल या तिन्हींना चित्रात आणणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पृष्ठभागाला घासून जाणारा तिरपा उजेड.

तिन्ही गोष्टी एका माणसात नांदू शकतात याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छायाचित्रकार होते, आणि १९०३ च्या सुमारास पुरातत्त्व खात्यात त्यांनी आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी केली होती. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी सर्वांत आधी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीची क्रमाक्रमाने चित्रे घेतली आणि रोप डोळ्यांदेखत वर येताना दाखवले. पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटात त्यांनी पुरुषाला तारामती करून पडद्यावर उभे केले. पुरातन वास्तू, रोप आणि सोंग, असा तो प्रवास आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, आणि आपण त्याच्या आवारात फुलझाडांचे फोटो काढून घरी येतो.

आता उजेडाविषयी. पहाटे आणि संध्याकाळीच छायाचित्रे काढावीत, दुपारचा उजेड वाईट असतो, हा नियम आपण परदेशी पुस्तकांतून जसाच्या तसा उचलला आहे. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी माणसाचा चेहरा नक्कीच वाईट दिसतो, कारण डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. परंतु उभ्या भिंतीसाठी तोच उजेड वरून खाली घासत जाणारा असतो आणि चुन्याचा प्रत्येक पोपडा आपली सावली घेऊन उठून येतो. पूर्वाभिमुख भिंतीला असा घासता उजेड वर्षभर दुपारी साडेबाराच्या थोडा आधी मिळतो, तर पश्चिमाभिमुख भिंतीला थोडा नंतर. २० मे ते २३ जुलै या काळात मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेकडे असतो, म्हणजे एरवी दुपारी सावलीत असणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतींनाही तेव्हा तो स्पर्श करतो. पाऊस वेळेवर आला तर यातले निम्मे दिवस ढगांत जातात हे खरे, पण मे महिन्याचे अखेरचे दिवस हाती राहतात.

हे तिन्ही विषय एकत्र आणण्याचा प्रयत्न येथे कोणी केला असल्यास त्यांनी आपली पद्धत सविस्तर लिहावी.

चुनेगच्ची

भिंतींच्या बाबतीत थोडी भर घालतो. झिजलेली भिंत चांगली दिसते एवढे म्हणून थांबल्यास सगळ्या भिंती सारख्याच दिसू लागतात. ती कशाने झिजली हे कळले, की कॅमेरा कुठे लावायचा हेही कळते.

पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांत दगडी जोत्यावर विटांची भिंत, वर चुन्याचा गिलावा आणि त्यावर वर्षानुवर्षांचे सफेदीचे थर असतात. जमिनीतली ओल विटांतून वर चढते आणि सोबत क्षार आणते. पाणी पृष्ठभागाशी येऊन वाळते, क्षारांचे स्फटिक होतात आणि ते आतून गिलाव्याला ढकलून टाकतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. म्हणून जोत्याजवळची पडझड पोटात फुगलेली आणि भुसभुशीत असते, तर वर पागोळीच्या रेषेखाली ती उभ्या ओघळांची असते. एकाच भिंतीवर पाण्याच्या दोन वाटा दिसतात, एक वर चढणारी आणि एक खाली उतरणारी. चौकट अशी धरावी की त्या दोन्ही वाटा जिथे भेटतात तो पट्टा मधे येईल.

सफेदीत पूर्वी नीळ घालत, त्यामुळे खालचे थर फिकट निळे निघतात. काही ठिकाणी त्याखाली गेरूही सापडतो. लाकडाचे गणित वेगळे आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातले लिग्निन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारा घटक, तुटते, पावसाने ते धुऊन जाते आणि राखाडी तंतू उरतात. त्यातही मऊ वलये आधी झिजतात आणि कठीण वलये कण्यांसारखी वर राहतात. दिंडी दरवाजाच्या फळीवर हे इतके स्पष्ट असते की आडव्या उजेडात ती नांगरलेल्या वावरासारखी दिसते.

एक विनंती आहे. चित्रासाठी पोपडा नखाने काढू नये. दगडावरची दगडफुले तर मुळीच खरवडू नयेत, कारण दगडाला चिकटून वाढणाऱ्या कित्येक जाती वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा पसरत नाहीत.

निफाडचा बागाईतदार

मी छायाचित्रकार नाही, माझी द्राक्षबाग आहे. दर हिवाळ्यात कॅमेरे घेऊन मंडळी बांधावर येतात आणि पिकलेल्या घडांची तीच ती चित्रे काढून जातात, म्हणून लिहावेसे वाटले.

घड हा बागेतला सर्वांत कमी बोलणारा भाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे, म्हणजे काडीवरचे अंकुर, फुगतात, मग पोंगा अवस्था येते, तेव्हा लोकरीसारख्या लवीतून गुलाबीसर कोवळी पाने उलगडत असतात. ते दृश्य फार थोडे दिवस टिकते. त्यानंतर वेल बाळ्या सोडते, म्हणजे आधाराला गुंडाळणारे तंतू. आम्ही त्या काढून टाकतो, पण एखादी तारेला वेटोळे घालून वाळलेली राहिली, तर ती लोखंडाच्या स्प्रिंगपेक्षा रेखीव असते. जुन्या वेलीच्या खोडाची साल उभ्या पट्ट्यांनी सुटते, तेव्हा वर कोणी लिहिलेली झिजलेली लाकडे शोधायला तुम्हाला वाड्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही.

केवडा या बुरशीजन्य रोगासाठी आम्ही बोर्डो मिश्रण फवारतो. एक टक्क्याचे करायचे तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. ते वाळल्यावर पानांवर, खांबांवर आणि तारांवर निळसर डाग राहतात. चुनेगच्ची यांनी निळीच्या सफेदीविषयी लिहिले आहे, तिच्याशी हा रंग पुष्कळ जुळतो.

थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतो. बातम्या गुंडाळलेले घड ओळीने लटकताना पाहून पाहुणे हसतात, पण त्याचे चित्र काढलेले मी अजून पाहिलेले नाही.

येण्याआधी मालकाला विचारावे. हा केवळ शिष्टाचार नाही. छाटणीनंतर डोळ्यांना जे रसायन लावतात ते माणसाला घातक असते, आणि फवारणी कधी झाली आहे हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही.

तिऱ्हाईत

मूळ लेखकाची मांडणी आकर्षक आहे, परंतु मला दोन आक्षेप नोंदवायचे आहेत.

पहिला आक्षेप फाळक्यांविषयी आहे. वाटाण्याचा तो लहानसा चित्रपट त्यांनी भांडवल उभे करण्यासाठी केला, म्हणजे पैसे घालणाऱ्याला हे यंत्र काय करू शकते हे पटवण्यासाठी. त्याला वनस्पतीचे कलात्मक छायाचित्रण म्हणणे हे मागून चिकटवलेले कौतुक आहे. पुरातत्त्व खात्यातली नोकरीही पोटासाठी होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या भिंतीला तुम्ही पोत म्हणता ती कोणाची तरी राहती जागा आहे. भाऊबंदकीत अडकलेल्या, दुरुस्तीला पैसा नसलेल्या वाड्यासमोर भरजरी शालू नेसवून मुलगी उभी करायची आणि त्याला कल्पक व्यक्तिचित्र म्हणायचे, यात मला तरी कल्पना दिसत नाही. लग्नाआधीची जोडप्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांची गोदाकाठची प्रत्येक पडकी कमान वापरून झाली आहे, आणि त्या सगळ्या चित्रांत भिंत आणि माणूस यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. तिथे भिंतीऐवजी छापील पडदा लावला तरी चित्रात फरक पडणार नाही.

सावलीकार

तिऱ्हाईत, पहिला आक्षेप अर्धा मान्य आहे. हेतू भांडवलाचा होता. पण भांडवलदाराला पटवायला आगगाडी, मिरवणूक किंवा घाटावरची गर्दी असे काहीही दाखवता आले असते. त्यांनी जे डोळ्याला कधीच दिसत नाही ते दाखवायचे ठरवले, आणि ती निवड मला महत्त्वाची वाटते.

दुसरा आक्षेप मात्र पूर्ण मान्य आहे, आणि छापील पडद्याची तुमची कसोटी मी उचलणार आहे. भिंत बदलली तरी चित्र तेच राहत असेल, तर तिथे भिंतीला काम नाही. उलट चुन्याचा थर सोडणारी भिंत आणि हळद लावलेला चेहरा यांत जर एकच घटना दिसत असेल, म्हणजे एक थर चढतो आहे आणि एक उतरतो आहे, तर ती भिंत त्याच चित्राची आहे. घरमालकांची परवानगी घेणे, त्यांना चित्राची प्रत देणे आणि शक्य असल्यास त्यांनाच चित्रात घेणे हे तर गृहीतच धरले पाहिजे. वाड्यात राहणारी आजी सोडून बाहेरून मॉडेल आणण्याचा हट्ट मला कधीच समजलेला नाही.

कंदीलपुष्प

वनस्पतींच्या बाजूने लिहिते. जवळून चित्र काढताना सगळ्यात मोठी अडचण उजेडाची नसून खोलीची, म्हणजे किती जाडीचा भाग रेखीव येतो त्याची, असते. फुलाची प्रतिमा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी घ्यायची असेल, तर फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर एफ/८ ला (हे भिंगाच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पट्टा रेखीव येतो. शिवाय त्या अंतरावर एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६ इतकाच उजेड आत सोडतो. म्हणून कॅमेऱ्याचा मागचा भाग पानाच्या पातळीला समांतर ठेवणे ही पहिली गोष्ट आहे, आणि तीच बहुतेकजण विसरतात. भिंतीचे चित्र काढणारा माणूस समोरासमोर उभा राहण्याची शिस्त आपोआप शिकतो, त्यामुळे या बाबतीत सावलीकार यांचे म्हणणे मला पटते: भिंतीचा सराव पानाला उपयोगी पडतो.

पानांवरची चमक घालवायला पोलरायझर, म्हणजे एका दिशेने कंप पावणारा उजेडच आत सोडणारी भिंगापुढची काच, उत्तम आहे. पावसाळ्यात तो लावला की पानाच्या मेणचट थरावरचे आभाळाचे प्रतिबिंब जाते आणि खालचा खरा हिरवा रंग वर येतो. त्या बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड द्यावा लागतो (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा होतो). हाच पोलरायझर घेऊन कोणी तांबट गल्लीत पितळी घागरींची चमक घालवायला गेले तर निराशा होईल, कारण उघड्या धातूवरून परावर्तित झालेला उजेड तसा ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, होत नाही. तिथे पांढरे कापड आडवे धरून चमकेला आकार द्यावा लागतो.

अंजनेरीच्या डोंगराविषयी एक गोष्ट ठामपणे सांगते. तिथल्या पठारावर कंदीलपुष्पाची जी जात सापडते, तिचे शास्त्रीय नावच अंजनेरीवरून ठेवलेले आहे आणि ती अत्यंत संकटग्रस्त आहे. अशा वनस्पतीचे चित्र टाकताना नेमकी जागा लिहू नये आणि फोनमधली स्थाननोंद काढून टाकावी. चांगल्या कोनासाठी आजूबाजूचे गवत उपटणे किंवा खडकावरच्या पातळ मातीत गुडघे टेकून बसणे, यानेही नुकसान होते. रचलेले छायाचित्रण माणसांपुरते ठेवावे, रानात रचना करू नये.

नवा_पाहुणा

माझ्याकडे फक्त फोन आहे. त्यावर यातले काय जमेल?

चुनेगच्ची

भिंती पूर्णपणे जमतील. फोनची खोली जास्त असल्यामुळे सपाट पृष्ठभागाला तो फार सोयीचा असतो. फक्त दोन गोष्टी कराव्यात: पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेडाचे माप कुलूपबंद करावे, आणि ते माप थोडे खाली ओढावे, म्हणजे पांढऱ्या चुन्यातला तपशील जळणार नाही. फोन सावल्या आपणहून उजळतो आणि पोत सपाट करतो. ती सोय बंद करता आल्यास बंद करावी.

नेपथ्य

हौशी नाटकांची प्रकाशयोजना करत करत मी छायाचित्रणाकडे आलो, त्यामुळे तिसऱ्या ढिगाविषयी लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजतो.

रचलेले व्यक्तिचित्र ही काही आजची टूम नाही. कलकत्त्यात १८१५ साली जन्मलेल्या जुलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनी १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये शेजारीपाजारी, नातेवाईक आणि घरातल्या मोलकरणींना देवदूत, राण्या व ऋषी करून बसवले होते. तेव्हाच्या जाणकारांनी त्यांच्या चित्रांतल्या धूसरपणावर टीका केली, आणि आज तोच धूसरपणा त्यांची ओळख आहे. आपल्याकडे जत्रेतल्या छायाचित्रकाराचा रंगवलेला पडदा आणि कापलेला पुठ्ठ्याचा चंद्र हे याच परंपरेचे गरीब भाऊ आहेत, आणि मला ते अजिबात हिणकस वाटत नाहीत.

मूळ लेखातल्या एका मुद्द्याला मात्र पुरवणी हवी. भिंतीला घासून जाणारा उजेड भिंतीपुढे बसलेल्या माणसाला एका अंगानेच लागतो, त्यामुळे भिंत सुंदर आणि चेहरा अर्धा काळा, असा पेच हमखास येतो. त्यावर तीन उपाय आहेत, आणि मी बहुतेक वेळा शेवटचा वापरतो. माणसाला उजेडाच्या दिशेने वळवता येते, पण मग तो भिंतीकडे पाठ फिरवल्यासारखा दिसतो. त्याला भिंतीपासून दूर आणता येते, पण मग भिंतीचा पोत धूसर होतो. किंवा काळ्या बाजूला, चौकटीच्या बाहेर, एक धुतलेले धोतर ताणून धरता येते. वाड्याच्या चौकात वरून येणारा उजेड मऊ असतो, तिथे तेच धोतर जमिनीवर अंथरले की डोळ्यांच्या खोबणी उजळतात. लाल किंवा हिरव्या रंगाच्या भिंतीजवळ बसवल्यास त्या रंगाची झाक गालावर येते. ती नको असेल तर माणूस हलवावा, हवी असेल तर चित्राचा विषयच तो करावा.

तिन्ही ढीग खरोखर एका चित्रात आणायचे असतील, तर दुहेरी एक्स्पोजर हा सरळ मार्ग आहे. आधी उजळ आभाळापुढे चेहऱ्याची काळी बाह्यरेषा घ्यावी. त्यावर दुसरे चित्र भिंतीचे किंवा पानाचे घेतले की ते फक्त काळ्या भागात उमटते, कारण उजळ भाग आधीच भरलेला असतो. परिणामी चेहऱ्याच्या जागी पोपडे किंवा शिरा येतात. कॅमेऱ्यातच ही सोय असेल तर बेरजेची पद्धत निवडावी, सरासरीची निवडल्यास सगळे फिके पडते. एक इशारा देतो: ही युक्ती इतकी सोपी आहे की दुसऱ्याच चित्रात ती कंटाळवाणी होते.

म्हणून मला निफाडच्या बागाईतदारांची गोष्ट जास्त मोलाची वाटली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या घडांच्या ओळीत, त्याच उंचीवर, तसाच कागद डोक्याला गुंडाळून बसलेला माणूस, हे चित्र मला वाचताक्षणी दिसले. त्यात कुठलीही तांत्रिक करामत नाही, वेलीला आणि माणसाला थंडीपासून जपण्याची एकच रीत आहे, आणि तिऱ्हाईत यांच्या छापील पडद्याच्या कसोटीलाही ते उतरते. बागाईतदार, आपली हरकत नसेल तर हिवाळ्यात येऊ का?

निफाडचा बागाईतदार

अवश्य या. कागद मात्र तुमचा आणा, आमचा मोजून आणलेला असतो. आणि बसवायला माणूस शोधू नका, मीच बसेन.

निळाई

कॅमेऱ्याशिवायही हा विषय पुढे नेता येतो, म्हणून सायनोटाइपचा, म्हणजे उन्हाने कागदावर निळा ठसा उमटवण्याच्या पद्धतीचा, उल्लेख करते. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स यांनी तिने समुद्री शेवाळांचे ठसे काढायला सुरुवात केली. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, हे दोन्ही वेगवेगळ्या शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवून, दोन्ही द्रावणे सारखी घेऊन मंद उजेडात कागदाला लावायची. कागद अंधारात वाळवायचा, त्यावर पान ठेवून काच दाबायची, उन्हात धरायचा आणि नंतर साध्या पाण्यात धुवायचा. आपल्या एप्रिलच्या उन्हात काही मिनिटांतच काम होते. हातमोजे घालावेत आणि यातल्या फेरिसायनाइडचा तीव्र आम्लाशी संबंध येऊ देऊ नये.

कागदाऐवजी जुने सुती धोतर वापरले तर ठसा झिजलेल्या विणीवर उमटतो. बोर्डोचे डाग पडलेले पान, निळीची भिंत आणि हा ठसा एका शेजारी एक लावण्याचा विचार आहे. बागाईतदारांनी छाटणीतली थोडी पाने ठेवावीत.

तिऱ्हाईत

चर्चा बरीच पुढे गेली आहे, म्हणून एक प्रश्न विचारतो. पेठ, सुरगाणा भागात बोहाड्याची, म्हणजे देवदेवतांचे मुखवटे चढवून साजऱ्या होणाऱ्या उत्सवाची, सोंगे निघतात. ते मुखवटे म्हणजे रंग, झीज आणि रचलेले व्यक्तिचित्र यांचा सर्वांत जवळचा मेळ आहे. एखाद्या सोंगकऱ्याला दिवसा, चांगल्या उजेडात, मुखवटा चढवून बसवावे असे कोणाला वाटते का?

सावलीकार

वाटते, आणि ते करू नये असेही वाटते. बोहाड्यातले मुखवटे देवदेवतांचे असतात, ते विधीपूर्वक चढवले जातात आणि त्या रात्री तो माणूस केवळ माणूस नसतो. दुपारी आपल्या सोयीने तेच सोंग उभे करणे म्हणजे तुम्हीच वर सांगितलेल्या पडक्या कमानीसारखा त्याचा वापर करणे होय. गावाच्या परवानगीने, बोहाडा चालू असताना, फ्लॅश न वापरता, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवून आणि तिथल्याच दिव्यांच्या उजेडात जे मिळेल ते घ्यावे. दाणेदार आले तरी चालेल. दिवसाच्या उजेडातले काम मुखवटा नसलेल्या चेहऱ्यावर करता येते. मुखवटे घडवणारा कारागीर कागदाचा लगदा थापत बसलेला असतो, त्याची बोटे, ओला लगदा आणि मागची शेणाने सारवलेली भिंत यांवर खिडकीतून आडवा उजेड येत असतो. त्याने होकार दिला, तर त्याने कुठे आणि कसे बसायचे हे त्यालाच ठरवू द्यावे.